ट्रान्सफर झाल्यावर ड्यू डेट कुठून मोजायची: पाळीपासून, ट्रान्सफरपासून की सोनोग्राफीवरून?

ताई, आधी तुमचा प्रश्न मला जसा समजला तसा मांडते, म्हणजे अजून कोणाचं असंच झालं असेल तर त्यांनाही कळेल. पाळी आली ३ जानेवारीला, दुसऱ्या दिवसापासून गर्भाशयाचं अस्तर (लायनिंग) वाढवायच्या गोळ्या सुरू झाल्या, लायनिंग जाड व्हायला जरा जास्तच वेळ लागला आणि २७ जानेवारीला पाच दिवसांचा फ्रोजन एम्ब्रियो (लॅबमध्ये गोठवून ठेवलेला गर्भ) आत सोडला, म्हणजे ट्रान्सफर झाला. बीटा (गर्भ राहिल्याची रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली. २४ फेब्रुवारीला पहिली सोनोग्राफी झाली, ठोके दिसले, सगळं छान. आणि आता फाईलवर सिस्टरनी पाळीवरून १० ऑक्टोबर लिहिलंय, आयव्हीएफवाल्या डॉक्टरांनी १५ ऑक्टोबर सांगितलंय आणि सोनोग्राफीच्या रिपोर्टवर १८ ऑक्टोबर छापून आलंय. शिवाय रिपोर्ट म्हणतो सहा आठवडे दोन दिवस, आणि पाळीवरून मोजलं तर सात आठवडे तीन दिवस व्हायला पाहिजेत, म्हणून बाळ आठ दिवस मागे पडलंय का या विचारानं तुमची झोप उडालीय.

१५ ऑक्टोबर. तीच धरा आणि बाकीच्या दोन फाईलवरून खोडायला सांगा, अगदी लाल पेनानं. बाळ मागे वगैरे काही नाहीये. आता का ते सांगते, कारण नुसती तारीख सांगितली तर पुढच्या प्रत्येक सोनोग्राफीला तुम्ही परत इथेच येऊन अडकणार, मी बावीस वर्षं हेच बघतेय.

पाळीवरून तारीख काढायची पद्धत ही साधारण दोनशे वर्षांपूर्वीच्या नेगेले नावाच्या जर्मन डॉक्टरांच्या नावानं चालते. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस घ्या, त्यात नऊ महिने आणि सात दिवस मिळवा. आपल्या आज्या नऊ महिने नऊ दिवस म्हणायच्या, म्हणजे दोनच दिवसांचा फरक, आणि त्यांच्याकडे ना मशीन होतं ना मोबाइल. दिवसांत सांगायचं तर हे २८० दिवस होतात. (महिने लहानमोठे असल्यामुळे वहीवर नऊ महिने सात दिवस करून आलेलं उत्तर आणि मोबाइलवरचं उत्तर यात कधी कधी एक ते तीन दिवसांचा फरक येतो, त्यात डोकं घालू नका, २८० खरे.) पण या पद्धतीत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की बाईची पाळी अठ्ठावीस दिवसांची आहे आणि बीज चौदाव्या दिवशी फुटलंय. गर्भधारणा नक्की कधी झाली हे तेव्हा कोणालाच कळायचा मार्ग नव्हता, पाळीची तारीख मात्र बाईला पाठ असायची, म्हणून तिथून मोजायला सुरुवात केली. म्हणूनच ते पहिले दोन आठवडे हिशोबात फुकट धरलेले असतात, त्या दोन आठवड्यांत बाळ नसतंच.

आता तुमच्या केसमध्ये चौदावा दिवस वगैरे काही घडलंच नाही. तुमचं हार्मोनवालं सायकल होतं. त्यात बीज बनू देत नाहीत, इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊन नुसतं अस्तर तयार करतात. ते कोणाचं बारा दिवसांत होतं, कोणाचं अठरा-वीस दिवस घेतं, आणि ते बरं झालंय असं वाटलं की मग प्रोजेस्टेरॉन सुरू करून त्याच्या साधारण सहाव्या दिवशी एम्ब्रियो सोडतात. पुस्तकातल्या हिशोबाप्रमाणे पाच दिवसांचा एम्ब्रियो पाळीच्या विसाव्या दिवशी आत असायला हवा, चौदा अधिक पाच एकोणीस दिवस उलटून विसावा चालू. तुमचा ट्रान्सफर झाला पंचविसाव्या दिवशी. म्हणजे पाच दिवस तुमचं लायनिंग तयार होत होतं, बाळाचा त्याच्याशी काही संबंध नाही, ते तेव्हा टाकीत लिक्विड नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला निवांत होतं. हे पाच दिवस पाळीवरच्या हिशोबानं बाळाच्या वयात उगाच घुसडले. १० ऑक्टोबर आणि १५ ऑक्टोबर यातला फरक एवढाच आहे.

आणि हो, फ्रीझ केलेला काळ मोजायचा नाही. हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच, की मॅडम एम्ब्रियो तर तीन वर्षांपूर्वीचा आहे मग त्याचं वय काय धरायचं. पाचव्या दिवशी फ्रीझ केला, पाचव्या दिवसाचाच बाहेर आला, वय पाच दिवस. तीन महिने ठेवा नाहीतर सहा वर्षं ठेवा.

तर मोजायचं कसं. ज्या दिवशी स्त्रीबीज आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र आणले, म्हणजे एग पिकअपचा (अंगातून बीज काढायचा) दिवस, तो शून्य दिवस. तिथून २६६ दिवस. एम्ब्रियो सोडायच्या दिवशी तो जेवढ्या दिवसांचा असेल तेवढे त्यातून वजा करायचे. पाच दिवसांचा असेल तर ट्रान्सफरच्या तारखेत २६१ दिवस मिळवा, तीन दिवसांचा असेल तर २६३. तुमचं २७ जानेवारी अधिक २६१, बरोबर १५ ऑक्टोबर. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१७ मध्ये जे लेखी मार्गदर्शन काढलं त्यातही हेच आकडे आहेत, आणि आयव्हीएफच्या प्रेग्नन्सीत एम्ब्रियोचं वय आणि ट्रान्सफरची तारीख यावरूनच ड्यू डेट ठरवा असं स्वच्छ म्हटलंय.

हे आकडे लक्षात राहत नसतील तर माझी युक्ती सांगते, मी पेशंटना हीच शिकवते. खोटी पाळी काढायची. पाच दिवसांचा एम्ब्रियो असेल तर ट्रान्सफरच्या तारखेतून एकोणीस दिवस मागे जा, तीन दिवसांचा असेल तर सतरा, आणि आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं) केलं असेल तर चौदा. जी तारीख येईल ती तुमची पाळी समजायची. तुमची आली ८ जानेवारी. आता जगातल्या कुठल्याही कॅलेंडरात, कुठल्याही ॲपमध्ये, कुठल्याही सोनोग्राफीच्या मशीनमध्ये एलएमपी (शेवटची पाळी) ८ जानेवारी टाका, सगळे आठवडे आपोआप बरोबर येतात. एक पेशंट मला म्हणाली होती, अहो पण मग डॉक्टरांना खोटी पाळी सांगायची का? खोटं नाही हो सांगायचं. खरी पाळीही सांगा आणि हेही सांगा. सोनोग्राफीच्या टेबलवर झोपायच्या आधी एकच वाक्य: "पाळी ३ जानेवारीची, पण आयव्हीएफ आहे, २७ जानेवारीला डे फाइव्ह ट्रान्सफर झालाय, म्हणून ८ जानेवारी धरा." हे ऐकल्यावर कुठलाही सोनोलॉजिस्ट खूशच होतो, कारण त्याला अशी पक्की तारीख क्वचितच मिळते. बहुतेक बायका आठवून आठवून सांगतात, "चतुर्थीच्या आसपास आली होती बहुतेक".

आता तुमच्या त्या आठ दिवसांचं. २४ फेब्रुवारीला ८ जानेवारीपासून मोजा, ४७ दिवस, म्हणजे सहा आठवडे पाच दिवस. रिपोर्ट म्हणतो सहा आठवडे दोन दिवस. फरक किती, तीन दिवस. एवढ्या लहान वयात बाळाची लांबी, ज्याला रिपोर्टवर सीआरएल लिहितात, ती रोज साधारण एका मिलिमीटरनं वाढते. म्हणजे मोजणाऱ्यानं माउसचा बाण दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे ठेवला की दोन-तीन दिवस गेलेच. सहा-साडेसहा आठवड्यांचं बाळ तांदळाच्या दाण्याएवढं असतं, नीट आडवं दिसलं नाही, मूत्राशय भरलेलं नसलं, तर एवढा फरक पडणारच. साध्या प्रेग्नन्सीतसुद्धा नऊ आठवड्यांच्या आत पाच दिवसांपेक्षा जास्त फरक असेल तरच तारीख बदलतात, नऊ ते चौदाच्या मध्ये सात दिवसांपेक्षा जास्त असेल तर. तुमचे तीनच आहेत, आणि ठोके दिसलेत. झोपा शांत.

पण मला खरं जे सांगायचंय ते पुढे आहे. समजा तुमचा फरक तीन दिवसांचा नसून आठ दिवसांचा असता, आणि तोही ट्रान्सफरवरून मोजून, तरीही मी तारीख बदलली नसती. साध्या प्रेग्नन्सीत सोनोग्राफी लहान आली की आपण म्हणतो, बीज उशिरा फुटलं असेल, तारीख पुढे ढकला. तिथे ते बरोबर आहे कारण तिथे तारीख हाच अंदाज असतो. आयव्हीएफमध्ये बीज उशिरा फुटलं असेल ही सबबच नाही, पिकअपची वेळ लॅबच्या रजिस्टरमध्ये मिनिटासकट लिहिलेली असते. म्हणजे बाळ लहान दिसलं तर एकतर मोजमाप चुकलंय किंवा बाळ खरोखरच लहान आहे, तिसरी शक्यता नाही. आठवडा-दहा दिवसांनी परत बघायचं, वाढ होतेय का ते तपासायचं. तारीख पुढे ढकलून रिपोर्ट गोड करायचा नाही. (उलट बाळ आठवडाभर मोठं दिसलं तर? नॅचरल सायकलमधल्या (जिथे बाईचं स्वतःचं बीज त्या महिन्यात फुटतं) ट्रान्सफरला क्वचित आपोआप राहिलेली प्रेग्नन्सी निघू शकते, पण हार्मोनवाल्या सायकलमध्ये ते जवळजवळ होत नाही, तेव्हा तुम्ही ते सोडून द्या.)

हे मी एवढं ताणून सांगतेय त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक पेशंट शेवटच्या टप्प्यात आली, बाहेरगावी दाखवत होती, बाळंतपणासाठी माहेरी आली. फाईलमध्ये ड्यू डेट दोनदा बदललेली. पहिल्यांदा दहा दिवसांनी, मग सातव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवरून अजून अडीच आठवड्यांनी. बाळ लहान येतंय, मशीन तारीख पुढे दाखवतंय, म्हणून कोणीतरी तीच तारीख लिहीत गेलं आणि दर वेळी रिपोर्ट नॉर्मल. मी तिला म्हटलं आयव्हीएफचा कागद आहे का, तर पर्समधून घडी घातलेली ट्रान्सफरची चिठ्ठी काढली. त्यावरून मोजलं तर चौतीस आठवडे पूर्ण, आणि बाळ तिशीच्या आसपासचं. डॉपलर (बाळाच्या रक्तप्रवाहाची तपासणी) बिघडलेला. वार नीट पोसत नव्हती आणि ते कित्येक आठवडे चाललं होतं. दोन दिवसांत सिझर करावं लागलं, बाळ बरेच दिवस काचेत होतं. आता शाळेत जातंय, दंगा करतंय, पण तेव्हाची ती आठवण आली की अजून माझ्या पोटात गोळा येतो. त्या घडी घातलेल्या चिठ्ठीचं महत्त्व मला तेव्हा जे कळलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

म्हणून सहाव्या-सातव्या-आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर खाली जी ड्यू डेट छापून येते ना, ती बघूच नका. ते मशीन डोक्याचा घेर, पोटाचा घेर, मांडीचं हाड मोजून सरासरी काढतं आणि त्यावरून तारीख छापतं. ती बाळाच्या आकाराची तारीख आहे, बाळाच्या वयाची नाही. जाड बाळाची अलीकडे येणार, बारीक बाळाची पलीकडे. दर रिपोर्टला नवीन तारीख बघून घरात फोनाफोनी होते आणि सासूबाई विचारतात "नक्की कधीची गं?" तर नक्की एकच.

आता बाकीच्यांचे प्रकार पटकन. ताज्या सायकलमध्ये पिकअपनंतर लगेच ट्रान्सफर झाला असेल तर पिकअपची तारीख अधिक २६६, दुसरं काही बघायलाच नको. तिसऱ्या दिवशी फ्रीझ केलेला एम्ब्रियो काढून लॅबमध्ये दोन दिवस वाढवून मग सोडला असेल तर तो पाच दिवसांचा धरायचा, सोडायच्या दिवशीचं वय महत्त्वाचं. सहाव्या दिवसाचा एम्ब्रियो (ब्लास्टोसिस्ट) असेल तर कोणी २६० धरतं, कोणी २६१, एका दिवसानं आभाळ कोसळत नाही, फक्त एकदा काय धरलं ते शेवटपर्यंत तेच ठेवा. जुळं असलं तरी ड्यू डेट तीच राहते, जुळी लवकर जन्मतात किंवा लवकर काढावी लागतात ही वेगळी गोष्ट, त्यासाठी चाळीस आठवड्यांचा शेवट अलीकडे ओढायचा नसतो.

आययूआयवाल्यांचं जरा वेगळं. तिथे ट्रिगरचं इंजेक्शन दिल्यावर साधारण छत्तीस तासांनी बीज फुटतं आणि आययूआय त्याच्या आसपास करतात, म्हणून आययूआयची तारीख अधिक २६६. पण ते लॅबएवढं पक्कं नाही, शुक्राणू आत चार-पाच दिवस टिकू शकतात, घरी पण संबंध आलेले असतात, फॉलिकल (बीजाची पिशवी) आधीच फुटलेलं असू शकतं. नुसत्या गोळ्या देऊन फॉलिक्युलर स्टडी (फॉलिकलची वाढ सोनोग्राफीवर बघणं) केला असेल तर फॉलिकल फुटल्याची सोनोग्राफी ज्या दिवशी झाली तो दिवस धरायचा, एखादा दिवस मागेपुढे. यांना सोनोग्राफीत पाच-सात दिवसांच्या वर फरक आला तर तारीख बदलायला हरकत नसते. पीसीओडीवाल्या मुलींनी तर पाळीवरून मोजायचा विचारही करू नये, ज्यांची पाळी पन्नास-साठ दिवसांनी येते त्यांचा चौदावा दिवस कुठून येणार.

पाच दिवसांच्या फरकानं एवढं काय बिघडतं असं तुमच्या मिस्टरांनी विचारलंय. बरंच काही. हार्मोनवाल्या सायकलमध्ये तुमच्या अंगात स्वतःचं प्रोजेस्टेरॉन बनवणारं काही नसतं, म्हणून वार ते काम हातात घेईपर्यंत, साधारण दहा-बारा आठवडे, गोळ्या-इंजेक्शनं चालू ठेवतात. ते आठवडे चुकीच्या पाळीवरून मोजले तर पाच दिवस आधी बंद. बंद कधी करायचं ते तुमचे डॉक्टर सांगतील, तुम्ही फक्त विचारा, "हे आठवडे ट्रान्सफरवरून ना?"

मग एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी बघणारी सोनोग्राफी) आणि डबल मार्कर (त्याच्यासोबतची रक्ततपासणी), डाऊन्ससारख्या दोषाची शक्यता बघायला. हे अकरा आठवडे पूर्ण झाल्यापासून तेरा आठवडे सहा दिवसांपर्यंतच होतं. त्या डबल मार्करच्या फॉर्मवर अजून एक गंमत असते जी लोक सर्रास चुकवतात. फॉर्मवर आयव्हीएफचा रकाना असतो, तो भरायचा आणि वय लिहिताना बीज काढलं तेव्हाचं वय सांगायचं. चौतिसाव्या वर्षी पिकअप झालंय, ट्रान्सफर सदतिसाव्या वर्षी झाला, तर बीज चौतीस वर्षांचं आहे, डाऊन्सची रिस्क त्यावरून निघते. डोनरचं बीज असेल तर डोनरचं वय. हे लिहिलं नाही तर रिपोर्ट उगाच हाय रिस्क येतो, मग पाणी काढायची तपासणी आणि घरभर रडारड. डोनरचं घरच्यांना सांगितलेलं नसतं म्हणून बायका फॉर्मवर गप्प बसतात, मला समजतं ते, पण डॉक्टरांना एकटं गाठून कानात सांगा, ते बाहेर जात नाही.

नोकरी करत असाल तर कायद्यानं २६ आठवड्यांची रजा आहे, त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे ड्यू डेटच्या आधी घेता येतात. १५ ऑक्टोबरच्या आठ आठवडे आधी म्हणजे २० ऑगस्ट. एचआरला सर्टिफिकेट देताना तारीख एकच जाऊ द्या, नाहीतर ते दोन कागद समोर ठेवून प्रश्न विचारत बसतात. सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलंत तर माता-बाल संरक्षण कार्डावर सिस्टर पाळी विचारूनच तारीख काढतात, त्यांना ट्रान्सफरचा कागद दाखवा.

आणि आता दसरा. तुम्ही शेवटी हळूच लिहिलंय की सासूबाईंच्या मनात आहे, सिझर करायचंच झालं तर दसऱ्याला करू, साडेतीन मुहूर्तांपैकी एक. यंदा (२०२५ मध्ये) दसरा २ ऑक्टोबरला आहे. पाळीवरून मोजलं तर तेव्हा अडतीस आठवडे सहा दिवस होतात, म्हणजे एकोणचाळीसला एकच दिवस कमी, कोणीही म्हणेल चालतंय की. ट्रान्सफरवरून मोजा, अडतीस आठवडे आणि एक दिवस. कारण नसताना एकोणचाळीस पूर्ण व्हायच्या आत सिझर करू नये असं आम्ही सगळे सांगतो कारण अशा बाळांना श्वासाचा त्रास जास्त होतो, आणि मुहूर्तावर जन्मलेलं बाळ पहिले तीन दिवस आईपासून लांब ऑक्सिजनवर ठेवायचं तर त्या मुहूर्ताचं काय करायचं? एकोणचाळीस पूर्ण होतात ८ ऑक्टोबरला. सासूबाईंना सांगा, त्याच्यापुढे वसुबारस आहे, दिवाळी आहे, चांगले दिवस भरपूर पडलेत. आणि मुळात सिझरच कशाला? आयव्हीएफचं बाळ आहे म्हणून सिझर असा काही नियम नाही. वय, बीपी, शुगर, बाळाची वाढ, वारेची जागा हे बघून ठरतं. बरेच डॉक्टर आयव्हीएफच्या पेशंटला ड्यू डेटच्या फार पुढे जाऊ देत नाहीत, तेही ठीक आहे, पण तो निर्णय तेव्हाचा.

आणि १५ तारखेला सकाळी बॅग भरून बसू नका. बरोबर ड्यू डेटला जन्मणारी बाळं शंभरात चार-पाचच असतात. सदतीस आठवडे पूर्ण, म्हणजे तुमची २४ सप्टेंबर, तिथपासून कधीही कळा येऊ शकतात. लॅबला गर्भधारणेचं मिनिट माहीत असतं पण बाळ बाहेर कधी येणार हे लॅबला माहीत नसतं.

सध्या तुम्ही एवढंच करा. आयव्हीएफ सेंटरमधून ट्रान्सफर समरी मागून घ्या, त्यावर पिकअपची तारीख, ट्रान्सफरची तारीख, एम्ब्रियो कितव्या दिवसाचा आणि किती सोडले हे असलं पाहिजे, नसेल तर लिहून मागा. त्याचा एक फोटो मोबाइलमध्ये, एक झेरॉक्स फाईलच्या पहिल्या पानावर. एनटी स्कॅन तुमचा २६ मार्च ते १५ एप्रिल या मधेच बसतो, मी असते तर बारा आठवडे झाल्यावर, २ एप्रिलनंतरची अपॉइंटमेंट घेतली असती, बाळ जरा मोठं झालं की नीट दिसतं. आत्ताच फोन करून ठेवा, आमच्याकडे तरी चांगल्या फीटल मेडिसिनवाल्यांची (पोटातल्या बाळाच्या तपासण्या करणाऱ्या डॉक्टरांची) तारीख दोन-तीन आठवडे आधी घ्यावी लागते.